एकशे बेचाळीस नग शिल्लक

रविवार, ७ जून. सकाळी ५ वाजून १० मिनिटे. पलंगावर बसून बुटांना पॉलिशचा दुसरा हात देताना.

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार, खरं लिहिणार, शुद्ध लिहिणार. नववीनंतर शाळा सुटली, पण अक्षर सुटलेलं नाही.

काल दवाखान्यातल्या हवालदारसाहेबांनी आमच्या बराकीला एचआयव्हीवर लेक्चर दिलं. आम्ही एकतीस रंगरूट. वीस जण डोळे उघडे ठेवून झोपले होते. साहेबांनी झाडूच्या दांड्यावर कंडोम चढवून दाखवला तेव्हा सगळे जागे झाले आणि दोघांनी पुन्हा दाखवा म्हटलं. टिपणं मी एकट्यानेच काढली. फळ्यावर साहेबांनी 'संसर्ग' चुकीचा लिहिला होता, तो मी उठून दुरुस्त केला.

साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग १४४ कंडोमची पेटी माझ्या हातात दिली. म्हणाले, ही दाराजवळ ठेवून दे, रविवारी बाहेर पडताना पोरं उचलतील, आणि मला काही विचारायला येऊ नकोस.

म्हणजे मला बराकीचा आरोग्यप्रमुख नेमलं आहे.

टिपणातलं महत्त्वाचं (लाल पेनाने): चूक झालीच तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात यायचं. २८ दिवसांच्या गोळ्या मिळतात. कोणी ओरडणार नाही. ७२ तासांनंतर उपयोग नाही.

मला हे लागणार नाही. पण लिहून ठेवलेलं बरं.

सोमवार, ८ जून. दुपारी, जेवणानंतर.

सरकारी माल उघड्यावर ठेवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. कॅन्टीनमधून एक रजिस्टर (४०) आणि एक कुलूप (८५) आणलं. पदरचे पैसे. पेटी माझ्या पलंगाखाली, किल्ली माझ्या गळ्यात.

रजिस्टरचे रकाने: तारीख, पलंग क्रमांक, नग, कारण, परत केलेले, सही. वर ठळक मथळा: 'संरक्षण साहित्य'. दुसरा शब्द वहीवर बरा दिसत नाही.

रकाने चोवीसला वाचून दाखवले. 'परत केलेले' ऐकल्यावर तो पलंगावरून खाली पडला. चोवीस म्हणजे माझ्या शेजारच्या पलंगावरचा. इथे पलंगाच्या नंबरानेच हाक मारतात. मी तेवीस. (काही जण मला कारकून म्हणतात. सवयीने म्हणतात, वाईट हेतू नसावा.) चोवीस माझा जिवाचा दोस्त. पहिल्या आठवड्यात मला ताप आला तेव्हा माझी रायफल त्याने पुसली. त्याच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरला आतून शाईने '२४' मी घालून दिलं आहे. चाराच्या आकड्याचा फास माझ्यासारखा बराकीत कोणाला जमत नाही.

तो म्हणाला, कारणाचा रकाना तरी काढ, राजा. मी म्हटलं, कारणाशिवाय या आवारात पाण्याचा ग्लाससुद्धा उचलता येत नाही. त्याने उशी तोंडावर ओढली. पटलं असावं.

रविवार, १४ जून. संध्याकाळी ६.

रजिस्टर सुरू झाल्यानंतरचा पहिला रविवार. सकाळी साडेनऊपासून दाराशी टेबल टाकून रजिस्टर आणि पेन घेऊन बसलो. पहिल्या तारखेला कॅप्टनसाहेब रजिस्टर तपासणार, हेही पुठ्ठ्यावर लिहून लावलं होतं. बावीस जण समोरून गेले. कोणी साहित्य घेतलं नाही. काही जण तर टेबल दिसल्यावर मागच्या खिडकीतून गेले. कसली घाई असते या पोरांना.

वाटप ०. शिल्लक १४४.

याचा अर्थ उघड आहे. आमच्या बराकीचं चारित्र्य चांगलं आहे. उगाच लेक्चर देतात.

मंगळवार, १६ जून.

पहिलं वाटप! सहा नग. कारण: नदी ओलांडण्याचा सराव, रायफलच्या नळीत पाणी जाऊ नये म्हणून तोंडाला बांधायला. आम्हाला कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी स्वतः सही केली. चार परत आले, ते दोरीवर वाळवून ठेवले. दोन नदीत गेले. उस्तादांनी दोरी पाहिली आणि हे काय आहे असं न विचारता निघून गेले. भारावले असावेत.

शिल्लक १४२.

रविवार, २१ जून. रात्री नाही, संध्याकाळीच लिहितो आहे, कारण मन लागत नाही.

सकाळी सगळे गेल्यावर चोवीस परत आला. म्हणाला, दोन दे, लिहू नकोस. मी रजिस्टर उघडलं, तारीख घातली, '२४' घातलं, आणि कारण विचारलं. तो म्हणाला, काय लिहू, आईच्या आशीर्वादाने? मी म्हटलं, थट्टा नको, इथे सही लागते. तो म्हणाला, अरे तेवीस, पहिल्या तारखेला हे कॅप्टनसाहेब वाचणार, मग माझ्या घरी पत्र जाणार, माझ्या बापाचा हात अजून चालतो. दे ना गपचूप. मी म्हटलं, तुला नियमाबाहेर दिलं तर उद्या सगळे मागतील. तो म्हणाला, मागू देत की, त्यासाठीच तर पेटी आहे! असं म्हणून तो हात झटकून गेला.

याला मैत्रीचा गैरफायदा म्हणतात. मन फार दुखावलं. ती ओळ अर्धी राहिली. खाडाखोड नको म्हणून तशीच सोडली.

मग मी बाहेर पडलो आणि इस्त्रीच्या दुकानात गेलो. फाटकासमोर, सायकल दुरुस्तीच्या शेजारी. इस्त्रीवाली तिशीची असेल, मी एकवीसचा. नवरा कधीचाच सोडून गेला. एका हाताने इस्त्री फिरवते आणि दुसऱ्या हाताने कपड्यावर पाणी शिंपडते, नजर रस्त्यावर. कॉलर उलटून नंबर वाचते आणि अख्खी बराक ओळखते. मला म्हणाली, तेवीस, तुझ्या बाहीची घडी इतकी सरळ कशी रे, तुझ्या शर्टाला इस्त्री करायला मला लाज वाटते. असं कोणी माझ्याशी आजवर बोललं नव्हतं. दहा ते चार तिथेच बसलो. मधे दोनदा ती म्हणाली, तुला दुसरं काही काम नाही का? किती काळजी.

शुक्रवार, २६ जून.

निश्चय: रविवारी तिला मनातलं सांगायचं.

प्रश्न: सांगितल्यावर पुढे काही घडलं तर?

पर्याय १: पेटीतून एक घेणं. मग रजिस्टरमध्ये 'तेवीस' लिहावं लागेल, आणि कारण. न लिहिता घेतलं तर शिल्लक १४१ होईल आणि रजिस्टरला १४२. असली चोरी माझ्या हातून होणार नाही.

पर्याय २: औषधाचं दुकान. गल्ल्यावर उस्तादांचा मेहुणा बसतो.

पर्याय ३: विश्वास.

तिसरा पर्याय सर्वांत स्वच्छ आहे.

रविवार, २८ जून. रात्री ८ वाजून २० मिनिटे. बनियन धुताना.

घडलं. दुपारी २ वाजून २० मिनिटे (दुकानातल्या घड्याळाप्रमाणे).

खरं लिहायचं ठरलं आहे म्हणून लिहितो. आत गेल्यावर तिने विचारलं, आणलंस का? मी म्हटलं, काय? ती म्हणाली, काय म्हणजे, तुझ्यापाशी पेटीभर आहेत म्हणतात, माझ्याकडचे संपले, बायकांच्या दवाखान्यात महिनाभर आलेच नाहीत. मी म्हटलं, आपल्यात ते कशाला? तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, मी आरोग्यप्रमुख आहे, आमचं दर आठवड्याला रक्त तपासतात, माझ्यावर विश्वास ठेव. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, तुझ्यासारखा खोटं बोलणार नाही. दार लावून घेतलं.

रक्त दर आठवड्याला तपासत नाहीत. भरतीच्या वेळी एकदा तपासलं होतं. पण मी स्वच्छ आहे, म्हणजे वाक्य चूक असलं तरी अर्थ बरोबर आहे.

निघताना आतल्या खोलीच्या खुंटीवर एक शर्ट दिसला. बाहेरच्या रांगेत नाही, आत, तिच्या ओढणीशेजारी. कॉलर उलटी होती. २४. चाराचा फास माझाच.

बाहेर जागा नसेल.

उरलेले तास: ६६. (सहज मोजले.)

सोमवार, २९ जून. परेड सुटल्यावर.

चोवीस संडासात भिंतीला डोकं टेकून उभा होता. लघवीला जळजळ, म्हणाला. मी म्हटलं, दवाखान्यात जा. तो म्हणाला, तू आहेस ना आरोग्यप्रमुख, तूच बघ. मी त्याला जास्त पाणी प्यायला सांगितलं.

मग शर्टाचं विचारलं, अगदी सहज. तो म्हणाला, हां, तिकडेच राहिलाय, दोन महिन्यांपासून जातो मी तिच्याकडे, तुला म्हणून सांगतो, कुठे बोलू नकोस.

दोन महिने. शेजारच्या पलंगावर झोपून. माझ्या हातचं '२४' कॉलरला लावून.

आयुष्यात इतका दगा कोणी दिला नव्हता. दोघांनी मिळून दिला.

उरलेले तास: ४४.

मंगळवार, ३० जून. सकाळी ११.

दवाखान्यात गेलो. सांगायचं वाक्य पाठ केलं होतं. हवालदारसाहेबांनी विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, डोकं दुखतंय. त्यांनी विचारलं, आणखी काही? मी म्हटलं, कपाळ जास्त. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाले, बस की जरा, गर्दी नाहीये. मी म्हटलं, नाही साहेब, रजिस्टर पूर्ण करायचंय. त्यांनी दोन गोळ्या दिल्या. डोकं खरंच दुखत होतं ते थांबलं. म्हणजे जाणं वाया गेलं नाही.

उरलेले तास: २७. उद्या सकाळी जाणारच.

बुधवार, १ जुलै. दुपारी २ वाजून २० मिनिटे.

सकाळी कॅप्टनसाहेबांची तपासणी होती, जाता आलं नाही. त्यांनी रजिस्टर पाहिलं. महिन्याभरात वाटप सहा, तेही रायफलसाठी. 'उत्तम. इतर बराकींनी अनुकरण करावे' असा शेरा मारून सही केली. सगळ्यांसमोर 'शाबास' म्हणाले, मी सॅल्यूट ठोकला. त्या वेळी साडेदहा. चार तास शिल्लक होते. पण शाबासकी घेऊन थेट तिकडे कसं जायचं? लोक काय म्हणतील?

आता २ वाजून २० झाले.

उरलेले तास: ०. एका परीने बरं झालं, ताण संपला.

रविवार, ५ जुलै. संध्याकाळी ५.

जाब विचारायला गेलो. वाटेत चार मुद्दे पाठ केले. पहिला मुद्दा: तू मला फसवलंस.

दुसऱ्या मुद्द्यापर्यंत पोचलो नाही. तिने इस्त्री उभी ठेवली आणि म्हणाली, मी कधी म्हटलं होतं रे तू एकटाच आहेस? विचारलंस तू? मी मात्र तुला दोनदा विचारलं. चोवीस दोन आठवडे माझ्याकडे हात हलवत येत होता, म्हणत होता कारकून कारण विचारतो. मागच्या मागच्या रविवारी मी त्याला सांगितलं, दोन घेऊन आलास तरच ये. तो आलाच नाही. तुला आत घेतलं, का, तर तू म्हणालास दर आठवड्याला रक्त बघतात. काल तुमच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं, तर तो पोट धरून हसला. आता मला सांग, फसवलं कोणी?

मी म्हटलं, हा विश्वासाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, हो, तोच आहे. मग तिने गल्ल्यातून एक पिवळं कार्ड काढून दाखवलं. दर तीन महिन्यांनी तपासणी, तारखा, शिक्के, एकही चुकलेली नाही. इतकं व्यवस्थित ठेवलेलं कार्ड मी पाहिलं नव्हतं. म्हणाली, पाच वर्षं जपलंय हे, आणि तुझ्या सरळ घडीवर भुलले. आता तीन महिने मला झोप नाही. तुझा शर्ट ने. इस्त्री केलेली नाही.

चूक तिची नाही असं नाही. पण बोलण्याची ही पद्धत?

सोमवार, ६ जुलै. सकाळी १०. दवाखान्याबाहेरच्या बाकावर.

मलाही जळजळ सुरू झाली आहे, म्हणून आलो. बाकावर आमच्या बराकीतले नऊ जण आधीच बसले होते, चोवीस धरून. मला बघून टाळ्या पडल्या. सोळा म्हणाला, आला कारकून, रजिस्टर आणलंस का, सह्या इथेच करतो. अकरा म्हणाला, माझं कारण लिही, कारण कारकुनाने दिलं नाही. चोवीस हसला नाही. त्याने सरकून मला बसायला जागा दिली.

नंतर, दुपारी. हवालदारसाहेबांनी रजिस्टर मागवलं. मथळा वाचला, रकाने वाचले, कॅप्टनसाहेबांचा शेरा वाचला. मला वाटलं ओरडतील. ते हळूच म्हणाले, अरे बाळा, मी तुला पेटी दाराजवळ ठेवायला सांगितली होती. फक्त दाराजवळ. एका बराकीत नऊ आजारी, आणि शिल्लक एकशे बेचाळीस! मी म्हटलं, साहेब, हिशेब बरोबर आहे. ते म्हणाले, हो, हिशेब बरोबर आहे.

मला जळजळ नव्हतीच, भीतीने पाणी पीत नव्हतो एवढंच निघालं. पण मग त्यांनी विचारलं, तर सगळं सांगून टाकलं. तारीख, वेळ. त्यांनी बोटांवर मोजलं. म्हणाले, म्हणजे मंगळवारी तू इथे माझ्यासमोर उभा होतास, हातात वेळ होता, आणि मी तुला डोकेदुखीची गोळी दिली.

सगळ्यांचं रक्त घेतलं. आज काही नाही निघालं तरी अर्थ नाही, म्हणाले. पुन्हा सहा आठवड्यांनी, पुन्हा तीन महिन्यांनी. कुलूप त्यांनी काढून घेतलं. पेटी न्हाणीघरात नळावर खिळ्याला टांगली, उघडी.

रविवार, १२ जुलै.

न्हाणीघरातली पेटी दुपारी बाराला रिकामी. १४२ नग, एक सही नाही. साहेबांनी दुसरी टांगली. ही उधळपट्टी वर कळवावी का, या विचारात आहे.

सोमवार, १० ऑगस्ट.

माझी सहा आठवड्यांची तपासणी: काही नाही. हायसं वाटलं, तरी तीन महिन्यांपर्यंत धरू नकोस म्हणाले.

चोवीसला मात्र साहेबांनी आत थांबवून घेतलं, दार लावलं. अर्ध्या तासाने बाहेर आला आणि थेट मैदानाकडे गेला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, काही नाही, मोठ्या इस्पितळात जायचंय.

शनिवार, २२ ऑगस्ट.

चोवीसला एक महिन्याची रजा! आम्ही उन्हात खंदक खणतो आहोत आणि हा घरी. सांगूनही गेला नाही. गादी गुंडाळलेली. दोस्तीचा हा दुसरा दगा. आता कोणावर जीव लावायचा नाही. कानाला खडा.

रविवार, ६ सप्टेंबर.

इस्त्रीच्या दुकानासमोरून गेलो. तिने वर पाहिलं नाही. तिच्यासाठी बायकांच्या दवाखान्यापर्यंतचं बसचं भाडं (जाता-येता २४) पाकिटात घालून फळीवर ठेवलं. सायकलवाल्याच्या हाती परत पाठवलं. सोबत निरोप: भाडं नको, सहा आठवड्यांचं माझं ठीक आलं, तुझं काय ते कळव, मला पुढची तारीख धरायचीय. मी निरोपात 'माझंही ठीक' एवढंच पाठवलं. आजवर तिला खरं सांगितलेलं हे पहिलंच.

सोमवार, २८ सप्टेंबर. दुपारी १ वाजून ५ मिनिटे. पलंगावर, काही न करता.

तीन महिने पुरे. माझी तपासणी: काही नाही. सकाळी सायकलवाल्याने सांगितलं, तिचंही शेवटचं ठीक आलं, आणि तिने शर्ट द्यायला दुसऱ्या दुकानात जा म्हटलंय.

पेढे आणावेत या विचाराने बराकीत आलो तर चोवीस त्याची पेटी बांधत होता. अंगाने उतरलेला. त्याला सामानाच्या गोदामात बदली मिळाली आहे, फाटकाबाहेर, दुसऱ्या आवारात. मी म्हटलं, मजा आहे तुझी, उन्हातनं सुटलास. तो म्हणाला, बस इथे.

मग सांगितलं. त्याला आहे. रोज एक गोळी, जन्मभर. गोळी चुकवली नाही तर म्हातारा होईन म्हणतात, म्हणाला. बापाला अजून सांगितलेलं नाही.

मी विचारलं, तिच्याकडून? तो म्हणाला, वेडा आहेस का, तिने तर मला यायलाच नको म्हटलं होतं हात हलवत. त्या रविवारी तुझ्याकडे मागितले, तू दिले नाहीस. तरी म्हटलं जाऊन तिच्याशी बोलू. तर दुकानात तू बसलेला, दहा ते चार. दोनदा येऊन बघून गेलो. मग पुढच्या चौकातल्या बायांकडे गेलो. तिथे कोणी काही विचारत नाही.

मी म्हटलं, मला सांगायचं होतंस. तो म्हणाला, सांगितलं होतं की, तू लिहायला घेतलंस.

त्याला राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

जाताना त्याने रजिस्टर मागितलं. २१ जूनची ओळ शोधली. तारीख होती, २४ होतं. बाकीचं त्याने भरलं. नग: २. कारण: दोस्ताकडे मागितले. परत केलेले: इथे थांबला, हसला, आडवी रेघ मारली. खाली सही केली. मी त्याच्या पेटीचं एक टोक धरून फाटकापर्यंत गेलो. तिथे त्याने माझ्या पाठीत थाप मारली आणि म्हणाला, अक्षर मात्र झकास आहे तुझं.

रोजनिशी बंद करतो आहे. हिशेब:

खर्च: रजिस्टर ४०. कुलूप ८५ (जप्त). बसभाडं २४, परत आलं, म्हणून धरत नाही. एकूण १२५.

येणं: काही नाही.

देणं: चोवीसला, दोन नग.